परवडेल असा पस्तावा

ऑफिसात त्याला सगळे ‘अंदाजे’ म्हणत. तोंडावर अंदाजेसाहेब, पाठीमागे नुसतं अंदाजे. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. किती वाजले म्हणून कुणी विचारलं, तरी मनगटावरच्या घड्याळात बघून तो म्हणायचा, “अंदाजे सव्वाचार.” घड्याळ बिचारं बरोबर चालत असायचं.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. देशाला पंचवीस वर्षांनी किती वीज लागेल, ते आज सांगायचं. दर सात वर्षांनी नवी योजना निघे. तिच्या पहिल्या प्रकरणात त्याचा आकडा असे आणि पुढची अकरा प्रकरणं त्या आकड्यामागे मुकाट चालत. केंद्रं किती बांधायची, कुठे बांधायची, तारा कुठून न्यायच्या, कुणाची जमीन घ्यायची, सगळं त्या एका आकड्यावर.

आणि आकडा चुके. हे त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं, कारण जुने अहवाल त्याच्याच कपाटात होते आणि कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळची शेवटची खोली त्याची. एक खिडकी, दोन टेबलं, भिंतीवर देशाचा नकाशा, नकाशावर विजेच्या तारांच्या लाल रेषा. मधूनच दिवे जात. मग नकाशा दिसेनासा होई. “आमच्या खात्यातच वीज जाते, ही माझ्या कामाची पोचपावती,” असं तो आलेल्या पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत. तोही हसे. आपणच आधी हसून घेतलं की पुढचे प्रश्न कमी येतात, हे तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शिकला होता.

घरचे अंदाजही काही वेगळे नव्हते. लग्नानंतर त्याने घर बांधलं ते तीन मुलं होतील या हिशेबाने. झाली एक. तीही शिकून परदेशी गेली. आता दोन खोल्यांना कुलूप आणि तिसऱ्या खोलीत नवरा-बायको. त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, “घरात पाऊल टाकलं की तुमचा पहिला अहवाल वाचल्यासारखं वाटतं. जागाच जागा!”

पहिला अहवाल त्याने एकोणतिसाव्या वर्षी लिहिला. तेव्हा देशात पोलादाचा मोठा कारखाना नुकताच वाढला होता, वीज दरवर्षी आठ टक्क्यांनी जास्त लागत होती. त्याने पट्टी घेतली आणि रेषा पुढे नेली. खरं तर त्याने तीन रेषा काढल्या होत्या, वरची, मधली आणि खालची. पण तेव्हाच्या सचिवांनी दहा सेकंदांत मधली उचलली. नंतरच्या सचिवांनीही मधलीच उचलली. कुणीही आलं तरी मधलीच उचली. हे कळल्यावर तो आधी मधली रेषा मनापासून काढू लागला आणि मग तिच्या वर-खाली पंधरा-पंधरा टक्के सोडून दोन रेषा शोभेला बसवू लागला. कपाटातल्या फुलदाण्यांसारख्या.

पहिल्या मधल्या रेषेच्या भरवशावर खाडीकाठी एक भलंमोठं वीज केंद्र उभं राहिलं. बांधायला सात वर्षं लागली. तेवढ्यात पोलादाचा कारखाना बंद पडला. घरोघरी नवे दिवे आले, ते जुन्यांच्या एक दशांश वीज घेत. त्याची रेषा वर गेली, देश आडवा चालत राहिला. खाडीकाठचं केंद्र ‘राखीव’ म्हणून ठेवलं गेलं. दुसरीकडे काही बिघडलं तरच ते चालवायचं. वर्षाला सरासरी अकरा दिवस.

दुसरा अहवालही असाच उंच गेला. तिसऱ्या वेळी त्याने कानाला खडा लावला आणि रेषा खाली ओढली. त्यानंतर दोन उन्हाळे असे तापले की ज्याला त्याला घर थंड करायचं यंत्र हवं झालं. वीज पुरेना. दुपारी तीन-तीन तास पंखे बंद. बायको पुठ्ठ्याने वारा घेत त्याच्याकडे नुसती बघत बसायची. तो पुठ्ठा तिसऱ्या अहवालाचं जादा छापलेलं मुखपृष्ठ होतं.

चौथा आकडा बरोबर आला. आजवर तरी बरोबर. आणि त्याला सर्वांत जास्त लाज वाटे ती त्याचीच. त्याने धरलेले कारखाने आले नव्हते आणि न धरलेली थंड करायची यंत्रं दुप्पट आली होती. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बेरीज जुळली. त्याबद्दल त्याला एक सन्मानचिन्ह मिळालं. ते त्याने एका कुलूपबंद खोलीत ठेवलं.

आता तो सत्तावन्न वर्षांचा होता. पाचवी योजना निघत होती. पुढच्या वर्षी निवृत्ती. म्हणजे हा शेवटचा आकडा.

या खेपेला बांधकाम विभागाकडे एक तयार आराखडा होता. बाराशे मेगावॅटचं एकच मोठं केंद्र. तिथल्या मुख्य इंजिनिअरला सगळे ‘काँक्रीट’ म्हणत. माणूस मनाने चांगला, पण मोकळी जमीन दिसली की त्याच्या हाताला खाज सुटे. “अंदाजेसाहेब, तुम्ही फक्त आकडा द्या. बाकी आम्ही बघतो,” तो म्हणाला.

“माझे आकडे बघितलेत ना?”

“चुकतात. पण असतात तरी! आकडाच नसेल तर पाया कितीचा खणू?”

त्याने ठरवलं की या वेळी आकडा द्यायचाच नाही. तीन रेषा दिल्या की मधली उचलतात, म्हणून त्याने चार भविष्यं मांडली. चारांत मधलं नसतं. या युक्तीवर तो इतका खूश झाला की त्या दिवशी दोन चहा प्यायला.

चार भविष्यं दोन प्रश्नांतून निघत. पहिला, धातू वितळवणारा तो प्रचंड कारखाना येणार की नाही? बोलणी चार वर्षं चालू होती. आला तर एकटा नऊशे मेगावॅट खाणार. दुसरा, लोक आपापल्या छतावर सौर तावदानं बसवून स्वतःची वीज करणार की नाही? कारखाना येईल, छतं रिकामी. कारखाना येईल, छतंही भरतील. कारखाना नाही, छतं रिकामी. कारखाना नाही आणि छतं भरलेली. पहिल्या भविष्यात पंचविसाव्या वर्षी एकवीसशे पन्नास मेगावॅट जास्तीचे लागत होते, चौथ्यात जेमतेम अडीचशे. यातलं कुठलं येणार हे त्याला माहीत नव्हतं. आणि पहिल्यांदाच, माहीत नाही हे लिहायची त्याची तयारी होती.

मग त्याने तक्ता केला. आडव्या ओळींत तीन पर्याय, म्हणजे बाराशेचं मोठं केंद्र, दोनदोनशे मेगावॅटचे छोटे वीजसंच एकामागून एक, किंवा काहीच न बांधणं. उभ्या रकान्यांत चार भविष्यं. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: आपण हे बांधलं आणि भविष्य ते निघालं, तर किती पस्तावा होईल? दहापैकी गुण. मोठ्या केंद्राचा सर्वांत वाईट पस्तावा नऊ निघाला. काहीच न बांधण्याचा दहा. छोट्या संचांचा तीन. छोटे संच पस्तावा टाळत नव्हते. त्यांची वीज महाग पडे, आणि कारखाना खरंच आला तर धावपळ होणार. पण कुठल्याही भविष्यात तीनच्या वर जात नव्हते.

तक्त्याला त्याने नाव दिलं, ‘पस्ताव्याचा तक्ता’. मसुदा वर गेला आणि लगेच खाली आला. ‘पस्तावा’ या शब्दाखाली लाल रेघ. समासात लिहिलेलं होतं, “सरकारी अहवालात भावना नकोत.”

रविवारी मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. खाडीकाठच्या केंद्रात टर्बाइन चालवणारा. म्हणजे चालवण्यासाठी नेमलेला. एकवीस वर्षांपूर्वी केंद्र उघडलं तेव्हा त्याला तिथे नोकरी लागली होती, आणि त्या एका गोष्टीसाठी त्या घरात भाऊजींना फार मान होता.

“भाऊजी, ऐकलं ते खरं का?” ताटावर बसता बसता त्याने विचारलं. “मोठं केंद्र येतंय म्हणे. बाराशेचं.”

“म्हणतात खरं.”

“म्हणतात काय? आकडा तुमच्याच हातात ना?” मेहुण्याने भात कालवला. “आमच्या पोराचा डिप्लोमा संपतोय. एवढ्या मोठ्या केंद्राला दीडशे माणसं तरी लागतील. तुम्ही जरा सढळ हाताने आकडा काढा.”

“आकडा म्हणजे काय भाजी आहे, सढळ हाताने वाढायला?” बायको म्हणाली.

“ताई, तू मध्ये बोलू नकोस. भाऊजींनी मागे काढला नव्हता का? त्याच्यावरच तर माझं घर उभं आहे.”

तो पाणी प्यायला. एकवीस वर्षांत मेहुण्याने हे कृतज्ञतेने म्हटलं होतं की टोमणा मारला होता, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

“बरं चाललंय का तिकडे?” त्याने विचारलं.

“मजेत. काम नाही, कटकट नाही.” मेहुणा हसला. “शेजारी विचारतात, कुठे असता? मी म्हणतो, वीज केंद्रात. ते विचारतात, मग आमच्याकडे का जाते? मी म्हणतो, मी चालू केलं तर येईल. पण मला कुणी सांगत नाही.”

बायको हसली. तोही हसला, जरा उशिरा.

“तुम्ही कधी आलाच नाहीत बघायला,” मेहुणा म्हणाला. “एवढं तुमच्या आकड्याचं केंद्र. या की एकदा. मंगळवारी या. मंगळवारी काम असतं आम्हाला.”

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. खरं तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आपली चूक किती मजली आहे हे मोजायला कोण जातं?

मंगळवारी तो गेला. बसमधून उतरल्यावर केंद्र एकदम समोर आलं, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे फार मोठं आहे. कागदावर हे चार अंकी होतं. इथे मान वर करावी लागत होती. फाटकावर रंग ताजा. रस्त्याकडेची झाडं छाटलेली. पटांगण इतकं स्वच्छ की चालताना त्याला आपल्या चपलांची लाज वाटली.

मेहुणा गणवेशात भेटला. घरी दिसे त्यापेक्षा उंच दिसला.

टर्बाइनच्या दालनात गारवा होता. हवा कोरडी ठेवणारी यंत्रं तेवढी घुमत होती. मधोमध टर्बाइन, लांबलचक, नव्यासारखं. पितळी पाट्या चमकत होत्या. चार माणसं आधीच उभी होती.

“मंगळवारी काय असतं?” त्याने हळूच विचारलं.

“कणा फिरवायचा असतो.” मेहुण्याने टर्बाइनच्या पोटाकडे बोट दाखवलं. “आत लोखंडी कणा आहे. कित्येक टन. एकाच बाजूला पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. मग जेव्हा लागेल तेव्हा चालणार नाही. म्हणून दर मंगळवारी अर्धा फेरा द्यायचा. वरची बाजू खाली, खालची वर.”

“मोटरने?”

“मोटर दोन वर्षं बंद आहे. सुटा भाग मिळत नाही. ज्या कंपनीची मोटर, ती कंपनीच बुडाली. आता हातानेच.” त्याने एक लांब दांडी खोबणीत बसवली. “सव्वाशे वेळा ओढली की आतला कणा अर्धा फिरतो.”

माणसं पाळीपाळीने ओढू लागली. कट्, कट्, कट्. एक जण आकडे मोजत होता. साठाच्या पुढे मेहुण्याने हातमोजे काढून त्याच्यापुढे धरले.

“लावा हात, भाऊजी.”

त्याने दांडी ओढली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. दहाव्या ओढीला दम लागला, पंधराव्याला घाम आला. आत कुठेतरी ते एवढं मोठं धूड केसाएवढं सरकत होतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बाविसाव्या ओढीला त्याने दांडी सोडली. चौघांपैकी एक जण म्हणाला, “छान. पाहुणे सहसा दहातच सोडतात.”

सव्वाशे झाल्यावर मेहुण्याने वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘अर्धा फेरा दिला.’ तारीख, सही. वरच्या ओळीतही तेच. त्याच्या वरच्या ओळीतही. पाहुण्याने पान उलटलं, मागेही तेच. त्याने अजून चार पानं उलटली आणि मग मिटून ठेवली.

बाहेर कट्ट्यावर चहा आला. मेहुणा खाडीकडे बघत होता.

“पहिल्या वर्षी चालवलं होतं आम्ही,” तो म्हणाला. “सलग एकोणतीस दिवस. काय आवाज होता, भाऊजी! पायाखालची फरशी थरथरायची. घरी गेलो तरी पायांत राहायचं. बायको म्हणायची, झोपेतही पाय हलतात तुमचे.” त्याने कप खाली ठेवला. “मी चालवायला शिकलो होतो हो. आणि आयुष्य गेलं ते वाकू नये म्हणून फिरवण्यात.”

तो काहीतरी गमतीचं बोलायला गेला. त्याला नेहमी काहीतरी सुचतं. या वेळी सुचलं नाही.

“पण पोराचं बघा,” मेहुणा म्हणाला. “नवीन केंद्र नवीनच असतं.”

येताना बसमध्ये त्याला आपल्या तळहाताला आलेला फोड दिसला. तो मनाशी म्हणाला, ‘एकतीस वर्षांत कामामुळे शरीराला झालेली ही पहिली इजा.’ आणि मग त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाट उघडलं. चारही अहवाल काढले आणि एका कागदावर चारही रेषा काढल्या, प्रत्येक तिच्या तिच्या वर्षापासून सुरू होणारी. खाली देशाने खरोखर किती वीज वापरली त्याची रेषा. खालची रेषा आपली सावकाश वळत, डुलत चाललेली. तिच्या पाठीतून त्याच्या रेषा ताठ बाहेर आलेल्या. दोन उंच आभाळात, एक जमिनीत घुसलेली, एक चुकून बरोबर. चित्र साळिंदरासारखं दिसत होतं. प्रत्येक काटा त्याचा.

बैठक गुरुवारी होती. लांब टेबल, डोक्याशी सचिवबाई. त्या नव्या होत्या, हुशार होत्या, आणि मसुदा खरोखर वाचून आल्या होत्या. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की तो जरा बिथरला.

“चार भविष्यं दिलीत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “यातलं नेमकं कुठलं घ्यायचं?”

“कुठलंच नाही, बाई. चारही डोळ्यांपुढे ठेवायची.”

“ते बरोबर. पण मंत्रिमंडळापुढे एकच जाईल.” त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “दुसरं आणि तिसरं बघा. एकात साडेअकराशे, दुसऱ्यात साडेबाराशे. दोन्ही मधली आहेत. सरासरी काढू. बाराशे!”

काँक्रीटने टेबलावर हळूच थाप मारली. “आमचं केंद्रही बाराशेचंच आहे.”

मधलं राहू नये म्हणून त्याने चार केली होती. यांनी मधली दोन घेऊन त्यांचं मधलं काढलं. हे त्याला सुचायला हवं होतं. एकतीस वर्षं याच लोकांत काढली आणि एवढं सुचू नये?

“बाई, दुसऱ्यात कारखाना येतो आणि लोक छतं भरतात,” तो म्हणाला. “तिसऱ्यात कारखानाही नाही आणि छतंही नाहीत. हे दोन वेगवेगळे देश आहेत. त्यांची सरासरी म्हणजे अर्धा कारखाना. तो नऊशे मेगावॅट मागेल किंवा काहीच मागणार नाही. साडेचारशेचा कारखाना कुणी मागितलेलाच नाही.”

“पण बेरीज तर बाराशेच होते ना?”

“होते. पंचविसाव्या वर्षी. केंद्र सातव्या वर्षी तयार होईल. मधली अठरा वर्षं ते काय करेल? आणि चौथं भविष्य आलं तर पुढेही काय करेल?”

“राखीव राहील,” काँक्रीट म्हणाला.

त्याने फाईल उघडली. साळिंदराचा कागद टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हे काय?” सचिवबाईंनी विचारलं.

“हा मी.” त्याने बोट ठेवलं. “हा एकोणतीस वर्षांचा. फार आत्मविश्वास होता, केसही होते. हा छत्तीसचा, केस गेले पण आत्मविश्वास तोच. हा त्रेचाळीसचा, घाबरलेला. त्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी पुठ्ठ्याने वारा घेतला तो याच्यामुळे. आणि हा पन्नासचा. याच्यासाठी तुम्ही मला सन्मानचिन्ह दिलंत. दोन चुका आपसांत मिटल्या, त्यात माझं काही नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. काँक्रीटही हसला. सचिवबाई हसल्या नाहीत. त्या कागद जवळ ओढून बघत होत्या.

“मग आम्ही तुमचं का ऐकावं?” त्या म्हणाल्या.

“ऐकू नका. तेच सांगायला आलोय. मी आकडा दिला म्हणून त्याच्यावर बाराशेचं केंद्र बांधू नका.”

त्याने मग सावकाश सांगितलं. आधी दोनशेचा एकच संच. सोबत पुढच्या संचांसाठी जागा आणि तारा तयार. दर दोन वर्षांनी दोनच गोष्टी बघायच्या: कारखान्याने करारावर सही केली का, आणि किती छतांवर तावदानं चढली. त्यावरून पुढचा संच.

“छोटे संच महाग पडतात,” काँक्रीट म्हणाला.

“पडतात.”

“आणि कारखाना आला तर पळापळ होईल.”

“होईल. दहापैकी तीन. तक्त्यात आहे.”

सचिवबाईंनी तक्ता काढला. लाल रेघ त्यांच्याच हातातल्या पेनाची होती, हे आता सगळ्यांना दिसलं. “म्हणजे याने पस्तावा होणार नाही, असं तुम्ही म्हणत नाही.”

“नाही. होईलच. एवढंच म्हणतो, की परवडेल असा होईल.” तो थांबला. पुढचं बोलायचं ठरवलेलं नव्हतं. “परवा मी खाडीकाठच्या केंद्रात गेलो होतो. पहिल्यांदाच. तिथे दर मंगळवारी पाच माणसं टर्बाइनचा कणा हाताने फिरवतात, वाकू नये म्हणून. एकवीस वर्षं चाललंय हे; आता तर मोटरही नाही. तो पस्तावा या तक्त्यात नऊ लिहिलाय. तो नऊ आहे की नव्वद, मला सांगता येणार नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही.

निर्णय लगेच झाला नाही. जेवणाची सुट्टी झाली, काँक्रीटने दोन हरकती लेखी घेतल्या, तिसरी मागे घेतली. साडेचार वाजता सचिवबाईंनी सही केली. दोनशेचा एक संच. दर दोन वर्षांनी फेरआढावा. साळिंदराचं चित्र अहवालात छापायचं, पान चार, नावासकट. ही अट त्यांनी स्वतः घातली. ‘पस्तावा’ शब्दाखालची लाल रेघ त्यांनी खोडली नाही, पण शब्दही खोडला नाही.

खोलीत येऊन त्याने दार लोटलं. बायकोला फोन करावा असं वाटलं. त्याऐवजी त्याने मेहुण्याला लावला. हे तिच्या तोंडून जायला नको होतं.

“झालं का, भाऊजी?”

“झालं. मोठं केंद्र नाही होत. दोनशेचा एक संच.”

“माणसं किती लागतील?”

“सोळा.”

“आणि मोठं झालं असतं तर?”

“एकशे चाळीस.”

“एकशे चाळीस,” मेहुणा म्हणाला. “म्हणजे माझ्या पोराची जागा तुम्ही घालवलीत.”

“घालवली असेन.”

“असेन काय?”

“घालवली.”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तळहातावरचा फोड दुखत होता. आता फोन आपटला जाईल असं त्याला वाटलं, आणि तो त्यासाठी तयार बसला.

“ते चालेल का?” मेहुण्याने विचारलं.

“काय?”

“ते सोळा माणसांचं यंत्र. रोज चालेल का?”

हा प्रश्न त्याला बैठकीत कुणी विचारला नव्हता. एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने तक्त्यामागचे कागद पुढे ओढले, रकाने बोटाने पाहिले, एकदा नाही, दोनदा.

“चारपैकी तीन भविष्यांत रोज चालेल,” तो म्हणाला. “चौथ्यात छतांवरच वीज होते. तेव्हा आठवड्यातून चार दिवस.”

“चार दिवस?”

“सर्वांत वाईट झालं तर.”

मागे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

“चार दिवस म्हणजे खूप झाले हो,” तो म्हणाला. आणि सोळा जागांचा फॉर्म कुठे मिळेल, ते विचारलं.